गाठ एक, कारणे अनेक : त्वचेतील कणार्बुदांचे सूक्ष्मदर्शकाखाली निदान

(कुष्ठरोग-निवारण पंधरवड्यानिमित्त ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंगावर एखादा चट्टा उमटला की त्याला नाव देण्याची घाई सर्वांनाच होते. कोणी त्यास गजकर्ण म्हणतो, कोणी कोड म्हणतो, कोणी शिबे समजून दुर्लक्ष करतो. चट्टा बरेच महिने टिकला, म्हणजे आवाज खाली आणून कोणीतरी ‘महारोग’ हा शब्द उच्चारतो. हा शब्द एकदा गावात फिरला की तो मागे घेता येत नाही. ठरलेले लग्न मोडते, मुलाचे शाळेत जाणे थांबते, पाणवठ्यावर बायका बाजूला सरकून उभ्या राहतात. उलटपक्षी, ज्याला खरोखरच कुष्ठरोग झाला आहे त्याच्या चट्ट्यावर गजकर्ण म्हणून वर्षभर मलम चोळण्यात आले, तर तेवढ्या अवधीत त्याच्या हाताचा मज्जातंतू कायमचा निकामी होऊ शकतो. चुकीचे नाव दिले तरी अनर्थ आणि योग्य नाव वेळेवर दिले नाही तरी अनर्थ, अशी ही नाजूक बाब आहे.

अशा वेळी अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाने करावा, अशी लोकांची अपेक्षा असते. “तुकडा तपासायला पाठविला आहे” असे डॉक्टरांनी सांगितले, की आता यंत्रच काय ते खरे सांगेल, असे सर्वजण धरून चालतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा एकच आकृती दिसते आणि तिची कारणे मात्र अनेक असतात. या आकृतीला वैद्यकशास्त्रात ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणतात. मराठीत त्यास ‘कणार्बुद’ असा शब्द आहे. त्वचेतील कणार्बुद कसे तपासतात, त्यावरून काय कळते, काय कळत नाही, आणि अचूक निदान व्हावे म्हणून गावकरी, शिक्षक व कर्मचारी यांच्याकडे कोणता वाटा येतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

कणार्बुद म्हणजे काय?

शरीरात काही परके शिरले, तर त्याचा समाचार घेण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांपैकी काही पेशी शत्रूला गिळून त्याचे पचन करतात. त्यांना ‘महाभक्षी पेशी’ म्हणतात. नेहमीचे जंतू याप्रमाणे थोड्या दिवसांत नष्ट होतात. परंतु काही शत्रू चिवट असतात. क्षयाच्या व कुष्ठाच्या जंतूंभोवती मेणासारखे जाड कवच असते. काही बुरशी सहज पचत नाहीत. लाकडाची कूस किंवा काचेचा कण तर मुळीच पचत नाही. असा शत्रू मारता येत नाही आणि बाहेर काढताही येत नाही, तेव्हा शरीर त्याला वेढा घालते.

या वेढ्यात महाभक्षी पेशी आपले रूप पालटतात. त्या फुगीर व लांबट होऊन एकमेकींना चिकटतात, त्यांच्या कडा अस्पष्ट होतात. त्यांस ‘एपिथेलिऑइड पेशी’ म्हणतात. काही पेशी एकत्र मिसळून एकच मोठी, अनेक केंद्रकांची ‘महाकाय पेशी’ बनते. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर लांगहान्स यांनी १८६८ मध्ये क्षयाच्या गाठींतील अशा महाकाय पेशींचे वर्णन केले. त्यांतील केंद्रके घोड्याच्या नालाप्रमाणे कडेने मांडलेली दिसतात. या सर्वांच्या बाहेर लहान, गोल लसिकापेशींचे कडे असते. गावाभोवती कूस घालावी तशी ही रचना असते, आणि तिलाच कणार्बुद म्हणतात. ‘अर्बुद’ हा शब्द ऐकून कर्करोगाची शंका घेण्याचे कारण नाही. कणार्बुद हे शरीराच्या प्रतिकाराचे चिन्ह आहे.

येथेच निदानाची खरी अडचण सुरू होते. वेढा पाहून वेढा पडला आहे एवढे निश्चित कळते; आत कोण अडकला आहे, हे दर वेळी कळत नाही.

तुकड्याचा प्रवास

त्वचेचा तुकडा काढण्यास ‘बायॉप्सी’ म्हणतात. जागा बधिर करून साधारणपणे चार-पाच मिलिमीटर रुंदीचा तुकडा काढतात. तो चट्ट्याच्या वाढत्या, सक्रिय कडेवरून घ्यावा लागतो आणि त्वचेखालच्या चरबीपर्यंत खोल असावा लागतो. कारण ज्या मज्जातंतूंची तपासणी करावयाची ते खालच्या थरांत असतात. वरवर खरवडून घेतलेला तुकडा पाहून तज्ज्ञाला काहीच सांगता येत नाही. चिमट्याने दाबलेल्या तुकड्यातील पेशी चिरडून जातात आणि त्यांची ओळख पुसली जाते.

तुकडा काढताक्षणी तो फॉर्मॅलिनच्या सौम्य द्रावात ठेवतात. द्राव तुकड्याच्या निदान दहापट असावा, असा नियम आहे. साध्या पाण्यात ठेवलेला तुकडा कुजतो. प्रयोगशाळेत त्यातील पाणी काढून त्याऐवजी मेण भरतात, आणि मेणाच्या वडीचे अतिशय पातळ काप घेतात. एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यांतील एका भागाइतकी त्या कापाची जाडी असते. असा काप काचपट्टीवर पसरून रंगवितात. हिमॅटॉक्सिलिन या झाडापासून मिळणाऱ्या रंगाने पेशींची केंद्रके निळसर जांभळी होतात आणि इओसिन या दुसऱ्या रंगाने उरलेला भाग गुलाबी होतो. या दोन रंगांवर बहुतेक निदानाची मदार असते. शंका राहिली तर विशेष रंग वापरतात.

काचपट्टी प्रथम कमी वर्धनशक्तीखाली पाहतात. कणार्बुदे वरच्या थरात आहेत की खालच्या, गोल आहेत की लांबट, कशाच्या कडेने पसरली आहेत, हा नकाशा आधी पाहावयाचा असतो. एकेका पेशीकडे पाहण्याची पाळी त्यानंतर येते. ज्याने नकाशा पाहिला नाही, त्याला पेशी पाहून फारसे काही उमगत नाही.

एकाच आकृतीचे तीन रोग

समजा, तीन माणसांच्या अंगावर दिसण्यात सारखेच तीन चट्टे आहेत. तिघांचेही चट्टे लालसर, उंचवट्याचे, स्पष्ट कडेचे आणि वर्षभर न हटलेले आहेत. तिघांच्याही तुकड्यांत एपिथेलिऑइड पेशींची कणार्बुदे सापडली. तरीही पहिल्याला कुष्ठरोग, दुसऱ्याला त्वचेचा क्षय आणि तिसऱ्याला ‘सार्कॉइडोसिस’ हा संसर्गाने न होणारा विकार असू शकतो. या तिन्ही रोगांचे उपचार वेगवेगळे आहेत.

हा घोटाळा जुना आहे. कुष्ठाचा जंतू नॉर्वेतील बर्गेन येथील डॉक्टर गेऱ्हार्ड आर्मावर हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला, आणि क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जाहीर केला. जंतू वेगळे म्हणून ऊतींतील आकृतीही वेगळी असणार, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १८९८ मध्ये योझेफ याडासोन यांनी कुष्ठरुग्णाच्या त्वचेत हुबेहूब क्षयासारखी कणार्बुदे असल्याचे दाखवून दिले. कुष्ठाच्या त्या प्रकाराला ‘ट्यूबरक्युलॉइड’, म्हणजे क्षयसदृश, हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बॉक यांनी त्याच जातीची आकृती तिसऱ्याच विकारात वर्णिली. तोच आजचा सार्कॉइडोसिस होय.

तज्ज्ञ या तिघांना वेगळे कसे ओळखतो? त्याचे पहिले साधन आहे मज्जातंतू.

कुष्ठाचा जंतू मज्जातंतूंत घर करतो. त्यामुळे क्षयसदृश कुष्ठात कणार्बुदे लांबट होतात आणि मज्जातंतू व रक्तवाहिन्यांच्या मार्गाने, घर्मग्रंथींच्या सभोवती, आडवी-तिरपी पसरतात. नदीच्या काठाने वस्ती वाढावी तसा त्यांचा आकार दिसतो. कधी मज्जातंतू फुगलेला व पेशींनी भरलेला आढळतो. कधी तो इतका नष्ट झालेला असतो की त्याचे अवशेष विशेष रंग लावून शोधावे लागतात. मज्जातंतूच्या आतच कणार्बुद सापडले, तर कुष्ठाचा पुरावा भक्कम होतो.

त्वचेच्या क्षयात कणार्बुदे बहुधा वरच्या थरात, जवळजवळ आणि गोलसर असतात. मज्जातंतू त्यांतून सुटलेले असतात. फुफ्फुसाच्या क्षयात गाठीच्या मध्यभागी ऊती मरून पनीराच्या चुऱ्यासारखा भाग तयार होतो. त्वचेतील ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ या नेहमीच्या प्रकारात मात्र तो अगदी थोडा असतो, किंवा नसतोही. चुरा दिसला नाही म्हणून क्षय नाही, असे ठरविणे चूक होय.

सार्कॉइडोसिसमध्ये कणार्बुदे घट्ट बांधलेली व सुटी सुटी असतात. त्यांच्याभोवती लसिकापेशींचे कडे विरळ असते; म्हणून त्यांना ‘उघडी कणार्बुदे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु या लक्षणावर एकट्यावर विसंबता येत नाही. क्षय, कुष्ठ, बुरशी आणि परकी वस्तू ही सर्व कारणे शोधून बाजूला सारल्याशिवाय सार्कॉइडोसिस हे नाव देता येत नाही.

कुष्ठाची सर्व रूपे कणार्बुदाची नसतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांची प्रतिकारशक्ती या जंतूपुढे जवळजवळ गप्प बसते, त्यांच्या त्वचेत वेढा पडतच नाही. महाभक्षी पेशी जंतू गिळतात, पण ते पचवू शकत नाहीत. त्या जंतूंनी व स्निग्ध द्रव्याने भरून फेसाळ दिसतात. या रूपास ‘लेप्रोमॅटस’ म्हणतात. दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या रिडली आणि जॉपलिंग या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडल्या. त्यांच्या पाच पायऱ्यांचे वर्गीकरण तज्ज्ञ आजही वापरतात.

जंतूंचा शोध आणि शेंगदाण्याचे तेल

आकृती संशयास्पद असेल तर जंतूच शोधून का काढत नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारील. तसा शोध घेतलाच जातो. क्षयाचे व कुष्ठाचे जंतू एकदा लाल रंगले की आम्लाने धुऊनही रंग सोडत नाहीत. या गुणावर झील-नील्सन यांची रंगपद्धती आधारलेली आहे. कुष्ठाचा जंतू मात्र या बाबतीत अधिक नाजूक असतो. मेण काढण्यासाठी वापरलेल्या द्रावांनी त्याच्या स्निग्ध कवचाला धक्का पोहोचतो आणि तो रंग टाकून देतो. म्हणून फाइट-फराको या पद्धतीत मेण काढताना द्रावात शेंगदाण्याचे तेल मिसळतात आणि धुण्यासाठी आम्लही सौम्य घेतात. तेलाने कवच शाबूत राहते आणि जंतू लाल दिसतो. आपल्या शेतात पिकणाऱ्या शेंगेचे तेल असे प्रयोगशाळेतही उपयोगी पडते.

तरीही एक विरोधाभास उरतो. लेप्रोमॅटस रूपात सूक्ष्मदर्शकाच्या एकाच दृष्टिक्षेत्रात हजाराहून अधिक जंतू आढळू शकतात. जेथे शरीराने कणार्बुद बांधून चांगला लढा दिला, तेथे मात्र जंतू इतके थोडे उरतात की कित्येक काप तपासूनही एकही दिसत नाही. त्वचेच्या क्षयातही तीच स्थिती असते. ज्या तुकड्यात आकृतीचा घोटाळा सर्वांत मोठा, त्याच तुकड्यात जंतूचा पुरावा सर्वांत दुर्मीळ असतो. ‘जंतू आढळले नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही.

क्षयाचा जंतू निदान प्रयोगशाळेत वाढविता येतो. कुष्ठाचा जंतू मात्र कोणत्याही कृत्रिम खाद्यावर आजपर्यंत वाढलेला नाही. तो उंदराच्या पंज्यात किंवा आर्मडिलो या प्राण्याच्या शरीरातच वाढवावा लागतो. अलीकडे जंतूंच्या जनुकद्रव्याचा माग काढणारी ‘पीसीआर’ ही परीक्षा मोठ्या केंद्रांतून उपलब्ध झाली आहे आणि तिचे साहाय्य मोलाचे आहे. पण जेथे जंतूच फार थोडे, तेथे तिलाही मर्यादा पडतात.

काटा, केस, गोंदण आणि बुरशी

प्रत्येक कणार्बुदामागे क्षय किंवा कुष्ठच असतो, असे मुळीच नाही. शेतात अनवाणी चालणाऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. वरची जखम भरते, परंतु आत राहिलेल्या टोकाभोवती गाठ धरते. केस कापणाऱ्या कारागिरांच्या बोटांच्या बेचक्यांत कापलेले बारीक केस घुसून अशीच गाठ होते. टाक्याचा दोरा, काचेचा कण, त्वचेखालची फुटलेली गाठ, यांपैकी कशानेही कणार्बुद होऊ शकते. अशा वेळी तज्ज्ञ ध्रुवित प्रकाशाचा उपयोग करतो. सूक्ष्मदर्शकातील एक विशेष काच फिरविताच पार्श्वभूमी काळी होते आणि लाकडाचे, वाळूचे किंवा दोऱ्याचे कण चांदणीसारखे चमकतात. त्या एका क्षणात रुग्णावरचे मोठे संकट टळू शकते. मात्र येथेही सावधगिरी हवी, कारण परकी वस्तू सापडली म्हणून तेथे जंतू नाही असे होत नाही. काट्याबरोबर जंतूही आत गेलेला असू शकतो.

गोंदणाचा प्रकार या दृष्टीने बोधप्रद आहे. रंगीत गोंदणातील द्रव्यांविरुद्ध, विशेषतः पाऱ्याच्या तांबड्या रंगाविरुद्ध, त्वचेत कणार्बुदे उठू शकतात. दुसऱ्या बाजूने, अस्वच्छ सुईने गोंदल्यानंतर गोंदणाच्या रेषेवरच कुष्ठाचे चट्टे उमटल्याची उदाहरणे भारतीय डॉक्टरांनी नोंदविली आहेत. गोंदणावरील गाठ रंगाची की जंतूची, याचा निर्णय तुकडा तपासूनच होतो.

बुरशीची कणार्बुदे शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या पायांवर अधिक आढळतात. काट्याबरोबर किंवा मातीबरोबर बुरशी आत शिरते आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. ‘क्रोमोब्लास्टोमायकोसिस’ या प्रकारात महाकाय पेशींच्या आत तांबूस तपकिरी, मध्ये भिंत असलेले गोल गोळे दिसतात. ते दिसले की वेगळा रंग लावण्याचीही गरज पडत नाही. ‘मदुरा फूट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात पाय सुजून त्याला अनेक छिद्रे पडतात आणि त्यांतून दाणे बाहेर येतात. या विकाराचा मुंबईशी ऐतिहासिक संबंध आहे. ‘ग्रेज अनॅटमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक होते. १८६० च्या सुमारास त्यांनी या विकाराच्या मुळाशी बुरशी असल्याचे सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने प्रतिपादन केले आणि त्यास ‘मायसेटोमा’ हे नाव दिले. पुढे सातारा येथे सिव्हिल सर्जन म्हणून काम केल्यानंतर ते नॉर्वेला गेले, तेथील कुष्ठकार्य त्यांनी पाहिले आणि त्याविषयीचा अहवाल १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच व्यक्तीच्या हातून दोन्ही विषयांचा अभ्यास घडावा, यावरून हे रोग परस्परांच्या किती जवळ उभे आहेत हे लक्षात येते.

अंगठीसारख्या आकाराचा चट्टा पाहून गजकर्ण किंवा कुष्ठ अशी शंका येते, परंतु ‘ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअर’ हा निरुपद्रवी विकारही त्याच आकाराचा असतो. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कुंपणाच्या खांबांप्रमाणे ओळीने उभ्या दिसतात. चट्ट्यावरील स्पर्शज्ञान शाबूत असते आणि तो पुष्कळदा आपोआप जातो.

औषध देऊन परीक्षा करणे धोक्याचे

निदान ठरत नसेल तर औषध देऊन पाहावे, गुण आला की रोग ठरला, असा सल्ला कधी कधी दिला जातो. कणार्बुदांच्या बाबतीत हा मार्ग फसवा आहे. रिफॅम्पिसिन हे औषध क्षय आणि कुष्ठ या दोन्ही जंतूंवर चालते. क्षयाच्या उपचारात ते रोज देतात, कुष्ठाच्या उपचारात महिन्यातून एकदा देतात. कुष्ठरुग्णाला क्षयाची औषधे दिली तरी चट्टा फिका पडतो आणि निदान क्षयाचेच होते, अशी समजूत होऊन बसते. इकडे मज्जातंतूंची काळजी कोणीच घेत नाही. क्षयरुग्णाला कुष्ठाची औषधे दिली तर अपुऱ्या मात्रेमुळे जंतू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका निर्माण होतो. सार्कॉइडोसिस समजून नुसते स्टिरॉइड दिले आणि मुळाशी क्षय असला, तर दबलेला रोग उसळतो.

अशा वेळी प्रामाणिक तज्ज्ञ आपल्या अहवालात लिहितो की, कणार्बुदे आहेत. कारण या तुकड्यावरून निश्चित सांगता येत नाही. रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे आणि जरूर तर दुसरा तुकडा घ्यावा. असा अहवाल हाती आला की नातेवाइकांना वाटते, पैसे व श्रम वाया गेले. वास्तविक तो अहवाल जबाबदारीने दिलेला असतो. पुरावा नसताना नाव लिहून देणे सोपे आहे. परंतु ते नाव रुग्णाच्या कपाळी जन्मभर राहते.

ज्यांचा या निदानात वाटा आहे

सूक्ष्मदर्शकासमोर बसलेल्या तज्ज्ञाला रुग्ण दिसत नाही. त्याला तुकडा दिसतो आणि तुकड्यासोबत आलेला कागद दिसतो. कागदावर नुसते ‘त्वचेचा तुकडा’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचे अर्धे साधन हिरावले जाते. रुग्णाचे वय व व्यवसाय, चट्टा किती दिवसांचा, शरीरावर कोठे आहे, त्यावर स्पर्श कळतो की नाही, मज्जातंतू जाड झाला आहे काय, काटा किंवा जखम झाली होती काय, गोंदण आहे काय, घरात कोणाला क्षय वा कुष्ठ होता काय, आधी कोणती औषधे घेतली, एवढे सर्व लिहिले पाहिजे. आरोग्य कर्मचारी व वैद्यकीय अधिकारी यांनी हा कागद भरणे हे कारकुनी काम समजू नये. तुकड्याइतकाच तो कागदही निदानाचा भाग आहे.

प्रत्येक चट्ट्यासाठी तुकडा काढावा लागत नाही, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्शज्ञान नक्की हरपले असेल. किंवा मज्जातंतू जाड होऊन त्याच्या टापूत बधिरता वा अशक्तपणा आला असेल. किंवा कानाच्या पाळीसारख्या ठिकाणाहून घेतलेल्या लेपात जंतू सापडले असतील. तर यांपैकी एका लक्षणावरूनही कुष्ठाचे निदान करता येते आणि उपचार सुरू होतात. स्पर्शाची परीक्षा गावातच होते. रुग्णाला डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श करावा आणि त्याने जागा बोटाने दाखवावी, इतकी ती साधी आहे. कोपराच्या मागचा, गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा आणि मानेवरचा मज्जातंतू हाताने चाचपता येतो. ही परीक्षा करूनही जेथे उलगडा होत नाही, तेथे सूक्ष्मदर्शकाची पाळी येते.

गावकऱ्यांनी आपली हकीकत पूर्ण सांगावी. काट्याची गोष्ट क्षुल्लक म्हणून आणि घरातील जुन्या आजाराची गोष्ट लाजेने दडवली, तर निदान चुकते. तपासणीपूर्वी वैदूचे लेप व दुकानातून आणलेली स्टिरॉइडची मलमे लावू नयेत. त्यांनी चट्ट्याचे व कणार्बुदाचे रूपच बदलते. उपचार चालू असताना चट्टे अचानक लाल होऊन सुजले, हातपाय दुखू लागले, बोटांतील जोर कमी झाला, तर औषध बाधले असे समजून ते बंद करू नये. ती कुष्ठातील ‘रिॲक्शन’ असू शकते. त्या वेळी कणार्बुदांना सूज येऊन मज्जातंतू दाबला जातो, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठला तर हात वाचण्याची शक्यता फार वाढते.

शिक्षकांवर वेगळी जबाबदारी येते. मुलाच्या गालावर फिकट डाग दिसला तर तो बहुतेक वेळा साधा असतो. शंका वाटल्यास पालकांना खाजगीत सांगून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वर्गात त्याला वेगळे बसवू नये, त्याच्यासमोर रोगाचे नाव काढू नये. निदान कुष्ठाचे झाले तरी औषध सुरू झाल्यावर मुलापासून संसर्गाची भीती लवकरच संपते, आणि त्याचे शिक्षण थांबविण्याचे काहीच कारण उरत नाही.

सरकारी दवाखान्यांत कुष्ठाची बहुविध औषधे विनामूल्य मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार थोडे जंतू असलेल्या रुग्णास सहा महिने आणि अधिक जंतू असलेल्या रुग्णास बारा महिने ही औषधे देतात. क्षयाची औषधेही विनामूल्य आहेत. २००५ च्या अखेरीस भारताने कुष्ठरोगाचे राष्ट्रीय प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आणले. तथापि जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच आढळतात. रुग्णांना डांबून ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ मध्ये विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकण्यात आली. कायद्याने जे काढून टाकले, ते लोकांच्या बोलण्यातूनही निघून जावयास हवे.

विज्ञानाने कणार्बुद ओळखण्यास शतकापूर्वीच शिकविले. त्यामागचे कारण ओळखणे आजही जिकिरीचे आहे, आणि ते काम एकट्या यंत्राचे नाही. चट्ट्यावर कापूस टेकवून पाहणारी आरोग्यसेविका, कागद नीट भरणारा अधिकारी, काट्याची गोष्ट आठवून सांगणारा शेतमजूर, मुलाला शांतपणे दवाखान्यात पाठविणारे गुरुजी आणि पुरावा मिळेपर्यंत नाव न लिहिणारा तज्ज्ञ, अशा सर्वांच्या हातांनी मिळून ते पार पडते. येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या व आपल्या माणसांच्या अंगावरील जुना, न हटणारा चट्टा एकदा पाहावा, त्यावर स्पर्श कळतो की नाही ते तपासावे, आणि शंका वाटल्यास त्याला गावात नाव देण्यापूर्वी आरोग्य केंद्राची वाट धरावी, एवढी विनंती करून हे विवेचन येथेच पुरे करणे उचित होईल.